जॉइनिंगच्या नावाखाली ३,७५,००० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आधीच सांगतो, मी पहिल्यांदा जहाजावर चढणारा पोरगा नाही. नऊ वर्षं समुद्रावर काढलीत, चीफ मेटचं, म्हणजे चीफ ऑफिसरचं, सीओसी (पात्रतेचं सर्टिफिकेट) हातात आहे. खोटा सी-टाइम, म्हणजे जहाजावरच्या नोकरीचा काळ, विकत घ्यायलाही गेलो नव्हतो. खरं जहाज हवं होतं, खरी ड्युटी करायची होती. तरी फसलो.

मास्टरच्या, म्हणजे कॅप्टनच्या, परीक्षेला ३६ महिन्यांचा सी-टाइम लागतो, पण त्यातले १२ महिने चीफ ऑफिसर म्हणून केले असतील तर २४ पुरतात. माझे एकूण २६ होते, चीफ ऑफिसरचे फक्त ७ महिने ११ दिवस. म्हणजे ४ महिने १९ दिवसांसाठी सगळं अडलेलं. कंपनीने दोन जहाजं विकली आणि बोलावणं बंद झालं. आठ महिने घरी बसल्यावर ‘लगेच जॉइनिंग’ हे दोन शब्द कसे लागतात, ते आपल्या लाइनीतल्यांना माहीत आहे.

एजंटचं ऑफिस बेलापूरला. टेबलावर सीडीसींचा, म्हणजे खलाशांच्या नोंदपुस्तकांचा, गठ्ठा, रबरबँड लावलेला. त्या गठ्ठ्यानेच माझा विश्वास बसला. एवढी पोरं इथून जातायत, मग खोटं कसं असेल, असं वाटलं. पहिल्याच फोनपासून तो मला ‘कॅप्टनसाहेब’ म्हणत होता. फाइलचे २५,००० घेतले. आठवड्याने कॉन्ट्रॅक्ट आलं, तेव्हा ‘रँक कन्फर्म’ करायला १,४०,०००. मग व्हिसा आणि तिकिटाचे २,१०,०००. तिन्ही वेळा पैसे कंपनीच्या नाही, कुणाच्या तरी सेव्हिंग खात्यात गेले. जॉइनिंगसाठी सीफेररकडून, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्याकडून, पैसे घेता येत नाहीत. एमएलसी या सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार मेडिकल, सीडीसी आणि पासपोर्ट एवढाच खर्च आपला, व्हिसाही जहाजमालकाचा. हे मला पाठ होतं. ‘सगळेच देतात’ म्हणून मीही दिले.

पण खरी चूक त्या कॉन्ट्रॅक्टच्या रात्री झाली. जहाजाचं नाव, फ्लॅग, टनेज, खाली आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा सात आकडी ओळख क्रमांक, ९३१२४६५. तो तपासायची रीत सोपी आहे. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं, बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे नंबरातला सातवा आकडा. ६३, १८, ५, ८, १२, १२. बेरीज ११८. शेवटी ८ हवा, तिथे ५ होता. असा नंबर कुठल्याच जहाजाला मिळू शकत नाही. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पॅसेज प्लॅनचा, म्हणजे जहाजाच्या मार्गाच्या आराखड्याचा, एकेक वेपॉइंट दोनदा तपासणारा मी, त्या रात्री फक्त पगाराचा आकडा आणि ‘चीफ ऑफिसर’ हे शब्द वाचत बसलो. हा हिशोब मी केला तो पैसे गेल्यावर, स्वयंपाकघरात उभं राहून, विजेच्या बिलाच्या पाठीवर.

लेटरहेडवरचा आरपीएसएल नंबर, म्हणजे जहाजावर भरती करण्याच्या परवान्याचा नंबर, खरा होता, पण दुसऱ्याच कंपनीचा. जहाज वाहतुकीचं सरकारी खातं असलेल्या डीजी शिपिंगच्या साइटवर परवानाधारकांची यादी आहे. फोन लावायचा तो त्या यादीतल्या नंबरवर, एजंटच्या कार्डावरच्या नाही. यूएईतल्या फुजैराला जहाज पकडायला दिलेल्या विमान तिकिटाचा पीएनआर एअरलाइनकडे नव्हताच. त्याच दिवशी एजंटचा फोन बंद. ऑफिसला कुलूप.

आणि मग सुरू झाली खरी फरफट. बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच टाकलात, मग फसवणूक कसली? घराजवळचं पोलीस ठाणं म्हणतं, ऑफिस बेलापूरला, तिकडे जा. तिकडचे म्हणतात, पैसे जिथून पाठवलेत तिथे जा. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची, असं नव्या कायद्यात, बीएनएसएसच्या कलम १७३ मध्ये, स्पष्ट लिहिलंय. मी त्याची प्रिंट घेऊन गेलो. ड्युटीवरच्या साहेबांनी ती न वाचता परत सरकवली आणि विचारलं, ‘शिकलेले ना तुम्ही?’ हे वाक्य मला पैशांपेक्षा जास्त लागलं. शिकलेल्याची तक्रार घ्यायची नाही, असं कुठे लिहिलंय? शिपिंगच्या सरकारी कार्यालयात उत्तर मिळालं की कारवाई परवानाधारकांवर होते, हा तर परवानाधारकच नाही. म्हणजे परवाना न काढता लुटलं की कुणाचीच जबाबदारी नाही! तीन महिने, अकरा हेलपाटे, हातात एका अर्जाची पोच. एफआयआर अजून नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी लाजेपोटी नऊ दिवस गप्प बसलो, तोवर खातं रिकामं झालं होतं. मूळ सीडीसी कुणाच्याही टेबलावर ठेवू नका. माझी त्या कुलुपाआड दोन महिने अडकली होती, शेवटी इमारतीच्या मालकाने उघडून दिली. त्या गठ्ठ्यात आणखी सतरा होत्या.

त्यातली एखादी तुमची असेल, किंवा तुमच्या कॉन्ट्रॅक्टवरही ९३१२४६५ हाच नंबर असेल, तर तुमच्या ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. एकट्याला त्यांनी परत पाठवलं, अठरा जणांना पाठवून दाखवू दे.