टर्नटेबल की स्पीकर? पन्नास हजारांचा प्रश्न

भाच्याने इंदूरच्या निपानियात फ्लॅट घेतला आणि रामबागेतल्या जुन्या घराच्या माळ्यावरून आजोबांची पेटी खाली उतरली. पत्र्याची पेटी, वर गणपतीच्या आराशीचं सामान, आत तीसेक एलपी, म्हणजे लांब वाजणाऱ्या रेकॉर्ड, आणि अगदी तळाशी जुन्या जाड तबकड्यांची चळत. त्याच रात्री त्याचा फोन. "मामा, पन्नास हजार बाजूला काढलेत. रेकॉर्ड प्लेअर घेऊ, की ते सोडून चांगले स्पीकर आणि गाण्यांचं अ‍ॅप?"

मी दोन्ही बाळगून आहे, त्यामुळे कुठल्याच बाजूचा भक्त नाही. त्याला म्हटलं, पेटीत काय आहे ते बघितल्याशिवाय सांगणार नाही. रविवारी पेटी घेऊन ये, पोहे-जिलबी मी आणतो.

आवाजाचा वाद आधी मिटवू, कारण बहुतेकांची पिन तिथेच अडकते. 'डिजिटलमध्ये आवाजाचे तुकडे होतात, रेकॉर्डमध्ये तो अखंड असतो' हे वाक्य तुम्हाला कुणीतरी हमखास ऐकवेल. ते चूक आहे. सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये सेकंदाला 44,100 नमुने घेतलेले असतात आणि त्यांतून कानाला ऐकू येणारी सगळी लहर, म्हणजे सुमारे 20,000 हर्ट्झपर्यंतची, सलगच परत उभी राहते. तुकडे स्पीकरपर्यंत पोचतच नाहीत. सगळ्यात हलका आणि सगळ्यात मोठा आवाज यांतलं अंतर फाइलमध्ये 96 डेसिबलच्या आसपास असतं. रेकॉर्डवर, ती उत्तम अवस्थेत असली तरी, साधारण 60 ते 70. कागदावर सामना एकतर्फी आहे.

तरी रेकॉर्ड गोड लागते, आणि तो भास नाही. खर्जाचा आवाज जसाच्या तसा कोरला तर खाच इतकी रुंद होईल की एलपीवर गाणं मावायचं नाही. म्हणून कोरताना खर्ज दाबतात आणि वरचे सूर वाढवतात. वाजवताना फोनो प्रीअँप (सुईचा क्षीण आवाज वाढवणारी सोय) बरोबर उलटं करतो. या जाण्यायेण्यात आणि सुईच्या घासण्यात आवाजाला जो थोडा गोलवा येतो, त्याला लोक 'ऊब' म्हणतात. म्हणजे तो दोषच आहे, पण गुळाला चिकटलेल्या राखेसारखा. सवय झाली की साखर फिकी लागते.

खरा फरक मात्र वेगळ्याच जागी आहे आणि आपल्या गाण्याला तो फार लागू पडतो. जुन्या ध्वनिमुद्रणांची डिजिटल आवृत्ती काढताना खरखर पुसतात. पुसणाऱ्याचा हात जड असला की खरखरीबरोबर तानपुराही जातो. गायकाचा आवाज स्वच्छ येतो, पण तो हवेत टांगल्यासारखा. मागची जवारी (तानपुऱ्याच्या तारांची गुंजन), सारंगीच्या गजाची घासण, ठेका धरताना तबल्यावर बोट सरकल्याचा आवाज, सगळं धुवून निघालेलं. अशा वेळी आजोबांची ओरखडे पडलेली एलपी त्या फाइलपेक्षा खरंच चांगली वाजते. पण याचा दोष डिजिटलला नाही, धुणाऱ्याला द्यायचा. काळजीने केलेली फाइल मिळाली तर प्रश्नच मिटतो.

रविवारी पेटीत इंदूर घराण्याचे गायक उस्ताद अमीर खाँसाहेब यांची मारवा आणि दरबारी या रागांची एलपी निघाली. इंदूरच्या घरात ती न निघती तरच नवल. भाच्याला मी सोफ्यावर बसवलं, अँपचं (अ‍ॅम्प्लिफायरचं) बटण स्वतःकडे ठेवलं आणि तोच मारवा आळीपाळीने रेकॉर्डवरून आणि फाइलवरून ऐकवला. पहिल्यांदा त्याने लगेच ओळखलं, कारण सुई टेकताच फुटाणे उडाले. मी म्हटलं, खरखर विसर, गाणं ऐक. सुरुवातीच्या संथ भागात त्याला रेकॉर्ड आवडली. "खोलीत कुणीतरी बसलंय असं वाटतं," म्हणाला. बाजू संपत आली, लय चढली, आणि त्याने तोंड वाकडं केलं. "इथे आवाज किरटा का होतो?"

हे दुकानात कुणी सांगत नाही. रेकॉर्ड एकाच गतीने फिरते, मिनिटाला 33⅓ वेळा. कडेला घेर मोठा, म्हणून सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटीमीटर खाच सरकते. आत लेबलापाशी पोचेपर्यंत हेच अंतर 21च्या आसपास येतं. तेवढाच आवाज अर्ध्याहून कमी जागेत दाटीवाटीने बसवलेला असतो आणि सुईला ती बारीक वळणं घेता येत नाहीत. आता आपला ख्याल आठवा. संथ, भरदार आलाप आधी, म्हणजे चांगल्या जागेत. द्रुत, म्हणजे जलद भाग, आणि ताना शेवटी, म्हणजे बरोबर वाईट जागेत. पाश्चात्त्य पॉपच्या रेकॉर्डवर निदान शेवटचं गाणं शांत ठेवता येतं. आपल्याकडे उलटा हिशोब, आणि रागाला तर सांगता येत नाही की बाबा, ताना आधी घे.

तरीसुद्धा ही एलपी हा रेकॉर्डच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. त्याआधीच्या 78च्या (मिनिटाला 78 फेऱ्या) तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. खाँसाहेबांच्या अतिविलंबित, म्हणजे फार संथ, झुमरा तालाचं एक आवर्तन पाऊण ते एक मिनिट घेतं; म्हणजे चार आवर्तनांत खेळ खलास. 1948मध्ये अमेरिकेत एलपी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली, आणि तेव्हा कुठे इंदूर घराण्याची ती सावकाश बढत तबकडीवर मावली. एक बाजू एक राग. मारवा संपला की उठायचं, तबकडी उलटायची, मग दरबारी. मधल्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेत मारव्याची हुरहूर अंगावरून उतरते. अ‍ॅपवर दोन्ही राग एकामागोमाग एका सेकंदात सुरू होतात आणि दरबारीचा षड्ज कानावर आदळतो.

अ‍ॅपची रडगाणी इथूनच सुरू होतात. आमच्या अ‍ॅपवर खाँसाहेबांचं नाव टाकलं की आधी हसरा नट समोर येतो. एकाच रागाचा संथ बडा ख्याल आणि जलद छोटा ख्याल दोन वेगळे ट्रॅक करून ठेवलेले असतात. शफल चुकून चालू राहिलं तर द्रुत आधी आणि विलंबित जेवणानंतर. साथीला कोण, कुठल्या सालचं, कशाचाच पत्ता नाही. राग संपला की यंत्राला वाटतं तुम्हाला 'असंच काहीतरी' हवंय आणि ते ध्यानधारणेची बासरी लावतं. सगळ्यात वाईट म्हणजे हक्कांचा करार संपला की काल ऐकलेली मैफल आज गायब. यादीत नाव करड्या रंगात, दाबलं तर ढिम्म.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे: जे खरोखर आवडतं त्याच्या लॉसलेस (आवाजातलं काही न गाळणाऱ्या) फाइल विकत घेऊन स्वतःकडे ठेवायच्या. 256 जीबीच्या कार्डावर सीडीच्या दर्जाचं सातशेएक तासांचं गाणं सहज मावतं. तेवढ्याच गाण्याच्या हजाराच्या घरात एलपी होतील, आणि शंभर एलपींचं वजन कव्हरांसकट पंचवीस किलोच्या आसपास भरतं. निपानियाच्या फ्लॅटमध्ये भिंतीवरची फळी सुताराला दाखवून मगच भरावी. आणि लॉसलेस ऐकताना ब्लूटूथ नको. तिथे आवाज पुन्हा दाबून पाठवला जातो, म्हणजे केशर घालून केलेलं श्रीखंड पाण्यात कालवण्यासारखं. तार लावा.

आता पैसे. अ‍ॅपला महिन्याला शंभर-दोनशे रुपये. नव्या एलपीला एका वेळी दोन ते चार हजार. त्यावरचा '180 ग्रॅम' हा शिक्का प्लास्टिकच्या वजनाचा आहे, आवाजाच्या दर्जाचा नाही. आणि आजच्या कितीतरी एलपी डिजिटल फाइलवरूनच कोरल्या जातात. म्हणजे तीन हजार देऊन आपण तीच फाइल खरखरीसकट विकत घेतो. जुन्या बाजारात एलपी दोनशे-पाचशेतही मिळते, पण बघून घ्यावी. मी एकदा 'अगदी नवी कोरी' म्हणून घरपोच मागवली, तर ती पापडासारखी वळलेली. सुई दर फेरीला उडी मारायची. परत घ्यायला कुणी तयार नाही. अजून आहे, भिंतीवर लावली आहे.

प्लेअर पंधरा हजारांच्या खाली बरा मिळणं कठीण. सुटकेससारखे दिसणारे, आतच स्पीकर असलेले स्वस्त डबे तर मुळीच घेऊ नका. चांगल्या टर्नटेबलची सुई दोनेक ग्रॅम भाराने टेकते. यांतल्या पुष्कळांची दुपटीहून जास्त भाराने, आणि प्रत्येक वाजवण्यात ती तुमची रेकॉर्ड तासत जाते. आजोबांनी चाळीस वर्षं जपलेलं दोन वर्षांत संपेल. हिऱ्याची सुईही पाचशे ते हजार तासांनी बदलावी लागते, तो खर्च वेगळा. फोनो प्रीअँप आत नसेल तर तोही वेगळा.

आणि आपली हवा. मेमध्ये इंदुरात पारा चाळिशीच्या वर जातो. एलपी आडव्या रचून ठेवल्या किंवा दुपारी गाडीत विसरल्या की वळल्याच म्हणून समजा. उभ्या ठेवा, भिंतीला टेकून तिरक्या नकोत. पावसाळ्यात कव्हरांना बुरशी लागते. धुताना बोअरिंगचं पाणी वापराल तर खाचांत पांढरा क्षार बसेल. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या. भाच्याच्या पेटीच्या तळातल्या 78च्या तबकड्यांना मात्र स्पिरिट चुकूनही लावू नका. त्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. त्यांना एलपीची सुईही चालत नाही, खाच रुंद असते, जाड टोकाची वेगळी सुई लागते.

एवढं ऐकून भाचा जरा हिरमुसला. मग मी त्याला माझा हिशोब सांगितला, तोच तुम्हालाही. घरात रेकॉर्ड नसतील आणि हौस फक्त दिसण्याची असेल, तर टर्नटेबल घेऊ नका. तीन महिन्यांनी त्यावर फुलदाणी येते. स्वयंपाक करताना, गाडीत, व्यायाम करताना ऐकणार असाल तर डिजिटलला पर्याय नाही. घरात जुना साठा असेल, त्यातलं काही अ‍ॅपवर मिळत नसेल, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ वीस मिनिटं जागेवर बसायची तयारी असेल, तरच टर्नटेबल. यातली मधली अट सगळ्यात महत्त्वाची. पेटीतली एकेक एलपी समोर ठेवून आम्ही फोनवर शोधत गेलो. तीसेकपैकी बहुतेक मिळाल्या, आणि काहींचा आवाज आमच्या रेकॉर्डपेक्षा सरस होता. चार मिळाल्या नाहीत, त्यांत दोन नाट्यपदांच्या.

तिसरा रस्ताही आहे: त्या चारच रेकॉर्ड कुणाकडून तरी नीट धुऊन, चांगल्या सुईवर वाजवून, लॉसलेस फाइल करून घेणं. मूळ रेकॉर्ड मग जपून ठेवायच्या. आणि रेकॉर्डचं जग एकदा डोळ्यांनी बघायचंच असेल तर इंदूरजवळच्या पिगडंबरला लता मंगेशकर आणि मास्टर दीनानाथ यांच्या नावाचं ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे. लताबाई 1929मध्ये इंदुरातच जन्मल्या. महूच्या रस्त्याने अर्ध्या-पाऊण तासात पोचतो माणूस. पैसे खर्चायच्या आधी ही फेरी मारून यावी.

भाच्याने पस्तीस हजारांचे अँप आणि स्पीकर घेतले. अँप निवडताना मात्र मी एक हट्ट धरला: मागे फोनोची सोय हवी. उरलेले पंधरा दिवाळीपर्यंत तसेच ठेवायचे ठरले. तोवर पेटी माझ्याकडे आहे आणि तो दर रविवारी दरबारीची बाजू ऐकायला येतो. मारव्याची सुई त्याला अजून नीट टेकवता येत नाही, पहिलं आवर्तन दर वेळी हुकतं.