कागद, किंडल की कानात? गोव्यातल्या मराठी वाचकाने काय घ्यावं

पुस्तकांवर महिन्याला पाचशे-हजार रुपये घालणारं कुणी फोंड्यात, डिचोलीत किंवा मडगावात राहत असेल आणि ॲमेझॉनच्या ई-बुक वाचायच्या यंत्राकडे बघत 'आता किंडल घेऊ का?' असं विचारत असेल, तर मी आधी उलट विचारतो : इंग्रजी किती वाचता? उत्तर 'अधूनमधून' असेल तर घाई नको. निम्म्याहून जास्त वाचन इंग्रजीत असेल तर खुशाल घ्या. कागदाचा वास, पान उलटण्याचं सुख वगैरे पुढच्या गोष्टी.

अडचण आहे मराठी पुस्तकं मिळण्याची. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६मध्ये किंडलवर मराठीसह काही भारतीय भाषा आणल्या. गाजलेल्या कादंबऱ्या, चरित्रं, अनुवाद तिथे सापडतात. पण वर्षभरात परीक्षणं वाचून जी दहा मराठी पुस्तकं घ्यावीशी वाटली त्यांची यादी करा आणि एकेक शोधा. बरीच कागदावरच अडकलेली निघतील. गोव्यात छापलेले कवितासंग्रह, गावांचे इतिहास, देवस्थानांवरची पुस्तकं तर जवळजवळ सगळी. छोट्या आवृत्तीच्या प्रकाशकाला ई-बुकचा उद्योग परवडत नाही.

त्यात जुन्या टंकांची भानगड. मराठी प्रकाशकांनी कित्येक वर्षं श्रीलिपीसारख्या टंकांत अक्षरजुळणी केली. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणताना रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात, आणि पुन्हा मुद्रितशोधन करायला कुणी बसत नाही. त्यामुळे छापील प्रतीत शुद्ध असलेलं वाक्य पडद्यावर लंगडतं. बुकगंगा या ऑनलाइन पुस्तकविक्रेत्याकडे मराठी ई-बुकं भरपूर आहेत, पण ती त्यांच्या ॲपमध्ये वाचायची. म्हणजे फोन किंवा टॅबलेटचा चकाकता पडदा आला, आणि डोळ्यांना आराम म्हणून किंडल घेण्याचं कारणच गेलं. फुकटातल्या पीडीएफचंही तसंच. ई साहित्य प्रतिष्ठान किंवा महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचा खजिना मोठा आहे, पण पीडीएफचं पान किंडलच्या सात इंची पडद्यात मावत नाही. अक्षर मोठं केलं की ओळ बाहेर जाते, मग बोटाने पान इकडून तिकडे ढकलत बसा.

इंग्रजीचा मामला निराळा. नवं पुस्तक ज्या दिवशी बाजारात येतं त्याच दिवशी काणकोणातही उतरवून घेता येतं, आणि हक्कमुक्त जुनं साहित्य प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट, स्वच्छ अक्षरांत मिळतं.

पावसाचा मुद्दा

पुण्याच्या वाचकाला हा प्रश्न पडत नाही, आपल्याला पडतो. इथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा ओली असते आणि कागद ती पितो. लॅमिनेशन केलेल्या नव्या पुस्तकाकडे जुलैत बघा : मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूला गुंडाळायला लागतं. वरच्या प्लॅस्टिकमधून ओल आत जात नाही, आतली कागदी बाजू मात्र ओल घेऊन फुगते, त्यामुळे ते वळतं. नुसत्या गोंदावर चिकटवलेल्या बांधणीची पानं सुटतात. चवथीच्या आधी साफसफाईला कपाट उघडलं की खालच्या खणातल्या पुस्तकांवर पांढुरकी बुरशी दिसते, मग वर्षभर ती पुस्तकं शिंका काढतात. कसर आणि वाळवी वेगळीच.

यावर उपाय आहेत, फक्त ते दरवर्षी करावे लागतात. कपाट बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला टेकवायचं नाही, मागे चार बोटं जागा सोडायची. पुस्तकं ठासून भरायची नाहीत. वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवायच्या. पाऊस सरला की पुस्तकं सावलीत उघडी ठेवायची. उन्हात ठेवली तर कागद पिवळा पडतो. ज्यांच्या घरात हे करणारं कुणी नाही, त्यांनी शेकड्यांनी पुस्तकं जमवू नयेत हे माझं स्पष्ट मत आहे. मग ती कितीही देखणी असोत आणि पाठीमागे फळी ठेवून काढलेल्या फोटोंना कितीही लाइक मिळोत.

या बाबतीत यंत्र सरळ जिंकतं. किंडलचा नवा पेपरव्हाइट पाणीरोधक आहे, २११ ग्रॅमचा आहे आणि स्वतःचा उजेड घेऊन येतो. वादळात वीज गेली की हा उजेड किती मोलाचा ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको. मात्र त्यातलं पुस्तक तुमच्या मालकीचं नसतं, वाचायचा परवाना तेवढा तुमचा. २००९मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या गोंधळावरून विकलेली काही पुस्तकं ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतली होती, पैसे परत केले ही गोष्ट वेगळी. फेब्रुवारी २०२५पासून तर विकत घेतलेली फाइल संगणकावर उतरवून ठेवायची सोयही बंद झाली. बुरशी लागलेलं पुस्तक निदान घरात तरी असतं.

पैशांचा हिशेब

एप्रिल २०२५मध्ये हा पेपरव्हाइट भारतात १६,९९९ रुपयांना आला. साडेतीनशेची एक अशा ४८ कादंबऱ्या तेवढ्यात येतात. ई-बुकमागे शंभर ते दीडशे रुपये वाचतात असं धरलं, तरी यंत्राची किंमत वसूल व्हायला ११० ते १७० पुस्तकं वाचावी लागतील. मराठीत वर्षाला पंधरा पुस्तकं वाचणाऱ्याची तोवर बॅटरी म्हातारी होईल.

कागदाच्या बाजूला टपालखर्च धरायला हवा, कारण मराठी पुस्तक आपल्याकडे बहुतेकदा पुण्या-मुंबईहून येतं. टपाल खात्याने मे २०२५मध्ये पुस्तकं स्वस्तात पाठवायला 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं, त्यात दर ३०० ग्रॅमला २० रुपयांपासून पाच किलोला १०० रुपयांपर्यंत ठेवले होते. विक्रेता कुरियरचे ऐंशी रुपये लावत असेल तर हे विचारून बघावं. त्याहून बरं म्हणजे चार वाचकांनी मिळून एकच खोकं मागवावं, किंवा सभागृहांतून भरणाऱ्या पुस्तक प्रदर्शनांची वाट पाहावी. तिथे पुस्तक हातात घेऊन दोन पानं वाचता येतात आणि सवलतही मिळते.

या हिशेबात लोक ग्रंथालय विसरतात. पणजीत पाट्टोला असलेलं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२पासूनचं, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. मराठी, कोकणी, पोर्तुगीज, इंग्रजी सगळं एका इमारतीत. जी मराठी पुस्तकं आता बाजारातही मिळत नाहीत आणि ई-बुकही झालेली नाहीत, ती शोधायला मी आधी तिथेच जातो. तालुक्यांच्या ठिकाणीही सरकारी ग्रंथालयं आहेत. तिथे नवी पुस्तकं उशिरा येतात, पण दिवाळी अंकांचा गठ्ठा घरी रचण्यापेक्षा तिथून आणून वाचलेला परवडतो.

आणि ऑडिओ?

याला मी बरीच वर्षं वाचन मानत नव्हतो, अजूनही पुरतं मानत नाही. पण फोंडा-पणजी बसमध्ये उभ्याने तास काढणाऱ्याला कागद काय आणि किंडल काय, दोन्ही सारखेच निरुपयोगी. आदोळीवर, म्हणजे विळीवर, तिसऱ्या (शिंपल्या) उघडायला बसलं की दोन्ही हात ओले, आणि काम तासाभराचं. तेवढ्यात आत्मचरित्राची दोन-तीन प्रकरणं ऐकून होतात. मोतीबिंदूने वाचन सुटलेल्या आजीला तर याहून चांगली भेट नाही. पुस्तकं ऐकवणारं स्टोरीटेल ॲप २०१७मध्ये भारतात आलं ते मराठी घेऊनच, आणि मराठी ई-बुकं वाचण्यापेक्षा मराठी पुस्तकं ऐकण्याचा अनुभव मला उजवा वाटतो. कारण साधं आहे, तिथे मुद्रणदोष नसतात.

आत्मचरित्र, रहस्यकथा, विनोदी लेखन ऐकावं. इतिहास आणि वैचारिक लेखन ऐकू नये, मागे जाऊन एक सन शोधताना जीव जातो. कविता कागदावरच, किंडलवर अक्षर मोठं केलं की कवीने जिथे ओळ तोडली तिथे ती तुटत नाही. दुप्पट वेगाने ऐकून 'वर्षात शंभर पुस्तकं' पूर्ण करणाऱ्यांविषयी मी काही बोलत नाही.

तर मराठीच वाचत असाल तर ग्रंथालयाचं सदस्यत्व, वर्षाला निवडून घेतलेली दहा-बारा छापील पुस्तकं, आणि रोजचा प्रवास असेल तर ऑडिओची वर्गणी. दोन्ही भाषा वाचत असाल तर इंग्रजी यंत्रावर, मराठी कागदावर. घर दमट आणि कपाटं आधीच भरलेली असतील तर यंत्राकडे झुकायला हरकत नाही. फक्त पैसे टाकण्याआधी फोनवर किंडलचं फुकट ॲप घ्या, हव्या असलेल्या दोन-तीन मराठी पुस्तकांचे नमुने उतरवा आणि त्यातली जोडाक्षरं नीट दिसतात का ते बघा.