हॉर्निमन सर्कलचा हेरिटेज वॉक: जरूर करा, फक्त बॅच छोटी आहे का ते आधी विचारा

मुंबईच्या फोर्टमधे नोकरी करणारे आपण सगळे रोज इथून घाईघाईत जातो आणि मान वर करून बघतच नाही, म्हणून सांगते, शनिवारी दुपारनंतरचा हा वॉक एकदम पैसा वसूल आहे.

गाईडने सुरुवात सर्कलमधल्या बागेच्या मधोमध उभं करून केली हे मला फार आवडलं, कारण तिथूनच कळतं की या बिल्डिंगा सुट्या सुट्या नाहीतच, गोलाकार वळत जाणारी दर्शनी बाजू, खाली कमानींचा सलग व्हरांडा, सगळं एकत्र आखलेलं, जेम्स ट्रबशॉने. आधी हे बॉम्बे ग्रीन नावाचं मोकळं मैदान होतं, कापसाच्या गाठी रचलेल्या असायच्या. मग पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेटने इथे सर्कल करायची कल्पना लावून धरली, प्लॉट विकले गेले, तेव्हा अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून मुंबईत कापसाचा पैसा नुसता वाहत होता, आणि १८७२ ला एल्फिन्स्टन सर्कल पूर्ण झालं. कमानींच्या माथ्यावर दगडात कोरलेले चेहरे आहेत, ते दाखवल्याशिवाय दिसत नाहीत, तिथे गाईड नीट थांबली, प्रश्न विचारू दिले.

नाव बदललं ते स्वातंत्र्यानंतर. बेंजामिन हॉर्निमन, बॉम्बे क्रॉनिकलचा संपादक, इंग्रज असून जालियनवाला बागेच्या बातम्या छापल्या म्हणून सरकारने १९१९ मधे त्याला देशाबाहेर काढलं. एवढ्या माणसाचं नाव आपण बसस्टॉपसारखं उच्चारतो याचं खरंच वाईट वाटलं.

सेंट थॉमस कॅथेड्रल (१७१८) मात्र पळत पळत. चर्चगेट हे नाव याच चर्चवरून, किल्ल्याचा एक दरवाजा इकडे होता, एवढं सांगितलं आणि पुढे.

तक्रार एकच पण मोठी: ग्रुप फार मोठा, माईक नाही, मागच्यांना ट्रॅफिकमधे काही ऐकू येत नव्हतं. आणि एशियाटिक सोसायटीच्या लायब्ररीचा टाऊन हॉल, १८३३ चा, फक्त पायऱ्यांवरूनच दाखवला! आत नाना शंकरशेटांचा संगमरवरी पुतळा आहे हो, मराठी माणसांना घेऊन आलात तर तो दाखवायलाच हवा, वेळ कमी पडत असेल तर फी थोडी वाढवा पण आत न्या.

आईबाबांना नेणार असाल तर उन्हाळा टाळा, बसायला बागेतच काय ती जागा मिळते.