लहान फ्लॅटमध्ये कपडे वाळवण्याची साधने : स्टँड, कप्पीच्या दांड्या, डिह्युमिडिफायर आणि ड्रायर

कपडे वाळत घालायला मोकळी जागा नसलेल्या लहान फ्लॅटसाठी बाजारात प्रामुख्याने चार प्रकारची साधने मिळतात : घडीचा स्टँड, छताला टांगून कप्पीने खालीवर करायच्या दांड्या, हवेतील बाष्प शोषणारा डिह्युमिडिफायर आणि विजेवरचा ड्रायर. ही चारही साधने मी वापरली आहेत. त्यांची पारख करताना कपडे किती वेळात वाळतात यापेक्षा, कपड्यांतून निघालेले पाणी ते साधन नेऊन कुठे सोडते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

पाच किलो कपडे मशीनमधून पिळून निघाले, तरी त्यांत अडीच ते साडेतीन लिटर पाणी उरलेले असते. उलट १० चौरस मीटरच्या, नेहमीच्या उंचीच्या खोलीत तापमान २५ अंश सेल्सियस आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर तिथली हवा आणखी जेमतेम पाव लिटर पाणी सामावून घेऊ शकते. म्हणजे खिडक्या बंद करून खोलीत कपडे वाळत घातले, तर हवा लवकरच बाष्पाने भरून जाते, वाळण्याची क्रिया मंदावते आणि ओल भिंतींत, गाद्यांत व कपाटामागच्या कोपऱ्यांत मुरू लागते. तिथेच पुढे बुरशी धरते.

म्हणून कोणतेही साधन विकत घेण्यापूर्वी आपल्याकडच्या मशीनचा पिळण्याचा वेग पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर पिळलेल्या सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या साधारण ६५ ते ७० टक्के पाणी राहते, तर १४०० फेऱ्यांवर ते ५० टक्क्यांच्या आसपास येते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळपास ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता लागते. तेच पाणी पिळून काढायला मशीनला त्याचा अगदी किरकोळ अंश पुरतो. नाजूक आणि लोकरीचे कपडे वगळता बाकी सगळे मशीनला झेपेल तेवढ्या जास्त वेगावर पिळावेत.

घडीचा स्टँड हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त खपणारे साधन आहे, परंतु त्याची निवड फार निष्काळजीपणे केली जाते. रंगाचा किंवा प्लॅस्टिकचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारांचे स्टँड नवेपणी छान दिसतात. मात्र तारा जिथे चौकटीला जोडलेल्या असतात तिथे मुलामा आधी तडकतो, आत गंज धरतो आणि एखाद्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर तांबूस रेघ उमटली की मगच ते लक्षात येते. त्यामुळे थोडे जास्त पैसे मोजून स्टेनलेस स्टीलचा स्टँड घेणे मला रास्त वाटते. स्टँडवर प्रत्येक तार भरण्याचा मोह टाळून एकाआड एक तार रिकामी ठेवली, तर कमी कपडे मावतात, पण जे मावतात ते खरोखर वाळतात. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर ओढून आणि कंबरेचा पट्टा मोकळा राहील अशी टांगावी, कारण बाकीचे कापड कोरडे लागते तेव्हाही शिवणी आणि खिशांची अस्तरे ओलीच असतात. स्टँडच्या बाजूला मंद गतीचा पंखा लावून समोरची खिडकी उघडी ठेवली, तर कापडालगतची बाष्पाने भरलेली हवा सतत बाहेर ढकलली जाते, आणि हा जवळजवळ फुकटचा उपाय अनेक महागड्या यंत्रांच्या तोडीचा ठरतो.

कपडे लवकर वाळणे हा केवळ सोयीचा भाग नाही. अर्धवट वाळलेल्या कपड्यांना येणाऱ्या कुबट वासामागे ‘मोराक्सेला ओस्लोएन्सिस’ नावाचे जिवाणू असतात, हे जपानी संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले. कापड जितका जास्त वेळ दमट राहील, तितका त्यांना वाढायला अवसर मिळतो.

लहान घरासाठी माझी पहिली पसंती छताच्या दांड्यांना आहे. जमिनीवरची एक फूटही जागा न अडवता त्या छताजवळच्या उबदार हवेत कपडे धरतात, आणि प्रत्येक दांडी स्वतंत्रपणे खाली घेता येत असल्याने उंचीची अडचण येत नाही. ओल्या कपड्यांचा एक घाणा सहज आठ किलोंचा होतो, त्यामुळे त्या सिमेंटच्या स्लॅबमध्येच पक्क्या बसवल्या पाहिजेत. जिप्समच्या खोट्या छताला त्या टांगणे धोक्याचे आहे. कप्पीपाशी दोरी झिजते, म्हणून ती बदलता येईल असाच संच निवडावा. भाड्याच्या घरात भोके पाडण्यापूर्वी मालकाची परवानगी लागते, ही या साधनाची खरी मर्यादा होय.

डिह्युमिडिफायर पाणी टाकीत जमा करतो, आणि ज्या घरात खिडकी उघडूनही बाहेरून दमट हवाच येते तिथे त्याला पर्याय नाही. मात्र तो चालवताना दारे-खिडक्या बंद ठेवाव्या लागतात आणि त्याच्यामुळे खोली तापते, याची तयारी हवी. खोक्यावर छापलेला ‘दिवसाला इतके लिटर’ हा आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेवर मोजलेला असतो. नेहमीच्या खोलीत त्याहून बरेच कमी पाणी निघते. थंड खोलीत कॉम्प्रेसरचे यंत्र सुस्तावते, तिथे शोषक पदार्थावर चालणारे यंत्र बरे.

ड्रायर घ्यायचाच असेल, तर हीट पंपाचाच घ्यावा. नळीने दमट हवा बाहेर टाकणाऱ्या ड्रायरसाठी भिंतीला भोक किंवा खिडकीत सोय लागते, तर बाष्पाचे पुन्हा पाणी करणारा साधा कंडेन्सर ड्रायर उष्णता खोलीतच सोडतो. हीट पंप तीच उष्णता पुन्हा वापरतो, त्यामुळे साधारण निम्म्या विजेत काम भागते आणि तापमान कमी राहिल्याने कापडही कमी झिजते. वेळ मात्र अधिक लागतो. जाळीत अडकलेला तंतूंचा थर प्रत्येक घाण्यानंतर काढलाच पाहिजे, कारण तो साचला की हवा कोंडते आणि आगीचा धोकाही संभवतो.

धुणे आणि वाळवणे एकाच पिंपात करणारी यंत्रे जागा वाचवतात म्हणून मोहात पाडतात, पण मी त्यांची शिफारस करणार नाही. आठ किलो धुणारे असे यंत्र पुष्कळदा पाचच किलो वाळवू शकते, म्हणजे धुतलेल्यांपैकी काही कपडे ओलेच बाहेर काढून पुन्हा स्टँडवर टाकावे लागतात. तरीही ते घ्यायचे ठरलेच, तर दुकानात धुण्याची क्षमता न विचारता वाळवण्याची क्षमता विचारावी आणि घरातील एका वेळचे धुणे तेवढ्यात बसते का, हे आधी वजन करून पाहावे.