सीज अँड स्टॉर्म: इथे भीती व्हिलनपेक्षा हिरोइनचीच जास्त वाटते

तीन भागांच्या सिरीजमधला मधला भाग म्हणजे नुसती पायपीट, असा माझा आजवरचा अनुभव, म्हणून शॅडो अँड बोन संपवल्यावर ली बार्डुगोच्या या फँटसी कादंबऱ्यांचा दुसरा भाग (२०१३) बरेच दिवस तसाच पडून होता. परवा रात्री सहज चार पानं बघू म्हणून उघडला आणि पहाटे तीनला ठेवला.

सुरुवातीला हिरोइन अलिना आणि तिचा लहानपणापासूनचा जोडीदार माल हे आपल्या रावका देशातून पळून समुद्रापलीकडे नाव लपवून राहतायत. तिच्या गळ्यात शक्ती वाढवणारी हरणाच्या शिंगांची पट्टी, ती स्कार्फखाली झाकलेली. उजेड बोलावायची शक्ती वापरता येत नाही म्हणून ही दिवसेंदिवस खंगत चाललीये, झोप नाही, अंगात त्राण नाही. मला वाटलं आता शंभर पानं हीच लपाछपी चालणार, पण छे, अंधारावर हुकूम चालवणारा व्हिलन डार्कलिंग लगेच हजर! आणि या वेळी तो नुसता अंधार घेऊन आलेला नाही. स्वतःच्या सावलीतून त्याने निचेवोया नावाचे राक्षस बनवलेत आणि पहिल्या भागातले व्होल्क्रा नावाचे पंखवाले राक्षस जसे उजेडाला टरकायचे तसं यांचं काही नाही. म्हणजे हिरोइनचं एकमेव हत्यारच बोथट. इथेच मी सावरून बसले.

मग समुद्र, बर्फ, सी व्हिप नावाच्या ड्रॅगनची शिकार, आणि स्टर्महोंड नावाचा जहाजाचा कप्तान. हा माणूस आला की पुस्तकात जान येते. तोंडाळ, हुशार, प्रत्येक वाक्यात दोन अर्थ, आणि तो खरा कोण हे कळतं तेव्हा मी मागे जाऊन त्याचे सगळे डायलॉग परत वाचले (नेटफ्लिक्सची सिरीज बघितलेल्यांनी कृपया गप्प बसा). खरं सांगायचं तर त्याच्यासाठीच अर्धे लोक हे पुस्तक वाचतात.

पण मला जे खरं डार्क वाटलं ते राक्षसांमध्ये नाहीये. ग्रिशाला, म्हणजे अलिनासारख्या जादुई शक्ती असलेल्या माणसाला, शक्ती वाढवणारा अँप्लिफायर आयुष्यात एकच मिळतो असा त्यांच्या जगातला नियम, गळ्यातली पट्टी हा अलिनाचा पहिला, आणि तिला दुसरा हवाय. दुसरा मिळाल्यावर तिसरा. आधी ती म्हणते डार्कलिंगला हरवायला पाहिजे, आपल्यालाही पटतं, मग हळूहळू लक्षात येतं की बाई, तुला तो अँप्लिफायर नुसताच पाहिजे. राजधानीत परत आल्यावर ती ग्रिशांच्या सैन्याची प्रमुख होते आणि राहायला खोली कुठली घेते, तर डार्कलिंगची. त्याच्याच पलंगावर झोपते! त्यात तो तिला मधूनच समोर दिसायला लागतो, खरा की भास माहीत नाही, आणि ती हे कोणालाच सांगत नाही, मालला पण नाही. दार बंद, खोलीत ती आणि तो, बाहेर पहारा. तो सीन वाचून मी उठून लाइट लावला, राक्षसांच्या हल्ल्यात एकदाही लावला नव्हता. बाहेर लोक तिला संत म्हणून पूजतायत आणि आत हे चाललंय, हा विरोधाभास बार्डुगोने मस्त पकडलाय.

आता माल. अरे काय रे तू! पहिल्या भागात जंगलात हरणाचा माग काढणारा तो हाच का? इथे राजवाड्यात त्याला काही कामच नाही, म्हणून हा रुसतो, पितो, ग्रिशांशी मारामाऱ्या करतो, मग परत रुसतो. त्याची घुसमट मला कळते, तिची शक्ती वाढतेय आणि याला जागाच उरत नाहीये, पण तेच भांडण किती वेळा? दोघं एकदा बसून दहा मिनिटं नीट बोलले असते तर पन्नास पानं कमी झाली असती. राजवाड्यातला तो मधला भाग रेंगाळतो हे पण मान्य, मीटिंगा आणि दरबारातली कुचकी बोलणी जरा जास्तच झालीत.

एक बारीक गोष्ट मात्र फार आवडली. पुस्तकभर अलिना 'मी' म्हणून बोलते, पण पहिलं आणि शेवटचं प्रकरण लांबून सांगितलंय, नाव नाही काही नाही, नुसते 'तो मुलगा' आणि 'ती मुलगी'. सुरुवातीला ते गोड वाटतं. शेवटी तेच शब्द परत येतात तेव्हा ती मुलगी कुठल्या अवस्थेत आहे ते बघून पोटात गोळा येतो.

पहिला भाग न वाचता याला हात लावू नका, काही कळणार नाही. नेटफ्लिक्सची सिरीज बघितली असेल तरी वाचा, कारण तिथे २०२३च्या दुसऱ्या सीझनमध्ये हा आणि पुढचा भाग एकत्र कोंबलेत आणि अलिनाची ही हाव मुरायला वेळच मिळालेला नाही. माझ्याकडून पाचपैकी पावणेचार, पाव मार्क मालमुळे गेला आणि एक त्या मीटिंगांमुळे. आणि तिसरा भाग आधीच जवळ असू द्या, माझ्याकडे नव्हता आणि पहाटे तीनला मी काय करणार होते.