व्हीगन लेदरचे बूट, अडीच वर्षांनंतरचा रिव्ह्यू (आणि हॉलभर सांडलेला सोल)

एका कार्यक्रमाच्या हॉलमध्ये मी मस्त ऐटीत चाललो होतो आणि मागून ताईचा आवाज आला, "अरे, हे काय सांडत चाललायस?" वळून बघतो तर दारापासून माझ्यापर्यंत काळ्या चुऱ्याची रांग. आधी वाटलं कुठेतरी माती लागली असेल, म्हणून पाय आपटला, तर टाचेचा भलामोठा तुकडाच निखळून पडला. उचलून बघितला तर वरून कोरडा, आतून चिकट, बोटात दाबला की भुगा. उरलेला कार्यक्रम मी एका खुर्चीत पाय आत ओढून काढला आणि घरी जाताना एक पाय टाचेवर, एक पाय नुसत्या पुठ्ठ्यावर असा लंगडत गेलो.

तर हा त्या बुटांचा रिव्ह्यू. काळे, फॉर्मल, लेसवाले, डब्यावर मोठ्या हिरव्या अक्षरात व्हीगन (म्हणजे प्राण्यांपासून काहीच न घेतलेले) लिहिलेले. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण ते मॉडेल आता मिळत पण नाही आणि पुढे वाचलंत तर कळेल की भानगड एका ब्रँडची नाहीचे.

आधी चांगलं सांगतो. दिसायला एक नंबर, ज्यांना मी स्वतःहून सांगितलं नाही त्यातल्या एकालाही कळलं नाही की हे चामडं नाही. वजनाला हलके. मेन्टेनन्स शून्य, ओलं फडकं फिरवलं की झालं. (पॉलिश लावायच्या फंदात पडू नका, हे मटेरियल ते पितच नाही, वर नुसता चिकट थर बसतो, शिवाय बऱ्याच पॉलिशमध्ये मधमाशांचं मेण असतं, म्हणजे बूट व्हीगन आणि पॉलिश नाही असला विनोद होतो.) वाईट म्हणजे पाय घामेजतो, तीन-चार तासांनी मोजे ओलसर लागतात. आणि दुसरं म्हणजे चामडं जसं महिनाभरात पायाचा आकार घेतं तसं हे घेत नाही, पहिल्या दिवशी टाचेला चावलं तर शेवटच्या दिवशी पण चावणार. म्हणून साइज घेताना "सैल होईल नंतर" या आशेवर अजिबात राहू नका, होत नाही.

आता मुख्य मुद्दा. अडीच वर्षांत मी हे बूट घातले किती वेळा, तर मोजून आठ-नऊ वेळा. बाकी सगळा वेळ ते डब्यात, कागदात गुंडाळून, कपाटाच्या तळाला. म्हणजे मी तर सगळ्यात जास्त जपलेले बूट हे. घरी आल्यावर अर्थातच जे व्हायचं तेच झालं, "तरी सांगत होतो, चामड्याचे घेतले असतेस तर दहा वर्षं हलले नसते", "हे तुमचं व्हीगन म्हणजे रेक्झिनच की रे शेवटी, नाव बदलून विकतात". आणि खोटं का बोला, त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी प्राण्यांच्या कातडीला नको म्हणतो हे ठीक, पण अडीच वर्षांत कचरा होणारं प्लास्टिक घेऊन कुणाचं भलं झालं?

उत्तर मिळालं ते बूट दुरुस्त करणाऱ्या काकांकडे. त्यांनी बूट हातात घेतला, अंगठ्याने सोल दाबला, भुगा पाडला आणि पाच सेकंदात म्हणाले, "पीयूचा आहे, ठेवून दिला होतास ना?" मी म्हटलं हो, पण तुम्हाला कसं कळलं. त्यांनी काही न बोलता मागच्या फळीवरून एक जोडी काढून माझ्यासमोर ठेवली. ट्रेकिंगचे जाडजूड बूट, वरचं सगळं अस्सल चामडं, एक ओरखडा नाही. आणि सोल? डिट्टो माझ्यासारखाच, चुरा. "हे बघ, हे काय व्हीगन आहेत का? बाळा, वरती काय लावलंय त्याचा नि सोलचा काय संबंध. घालत राहिलास तर टिकतात, जपून ठेवलेस की मरतात."

इथे माझी ट्यूब पेटली आणि मग घरी येऊन बरंच वाचलं. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लास्टिक. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार, पॉलिएस्टर बेसवाला आणि पॉलिईथर बेसवाला. पॉलिएस्टरवाला झिजेला दणकट, म्हणून सोलला आवडीने वापरतात, पण हवेतला ओलावा त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत राहतो, याला हायड्रोलिसिस म्हणतात. गंमत (गंमत कसली) अशी की साखळी तुटली की आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढची तोडफोड अजून जोरात करतं, म्हणजे एकदा सुरू झालं की वेग वाढतच जातो. गरम दमट हवा, बंद डबा, वर गुंडाळलेला कागद, म्हणजे मी त्याची पार बडदास्त ठेवली होती. डब्यातली ती सिलिका जेलची छोटी पुडी? ती ठराविक ओलावा शोषते आणि भरली की नुसती पुडी उरते, अडीच वर्षं ती काय करणार बिचारी. पॉलिईथरवाला पीयू ओलाव्याला बराच जास्त तग धरतो, आणि साध्या रबराच्या सोलला तर हा असला त्रासच नाही.

म्हणजे सोल मेला तो व्हीगन होता म्हणून नाही. तसाच सोल चामड्याच्या बुटाला पण लावतात आणि तो पण तसाच मरतो, फक्त तेव्हा कुणी "तरी सांगत होतो" म्हणत नाही, नशिबाला दोष देतात आणि नवीन घेतात. हा डबल स्टँडर्ड मला फार खुपतो राव. चामडं सोडलेल्या माणसाच्या प्रत्येक वस्तूची परीक्षा असते, बाकीच्यांच्या वस्तू नुसत्या खराब होतात.

पण सोलला शिव्या घालून वरच्या भागाला सोडून देणं पण बरोबर नाही, कारण माझ्या बुटाला बोटं वाकतात त्या घडीवर नखाएवढी साल निघालीये आणि खाली पांढऱ्या कापडाची वीण दिसतेय. आठ-नऊ वेळा घातलेल्या बुटाला हे शोभत नाही. व्हीगन लेदर हा शब्दच मुळात फसवा आहे, त्यात कितीतरी वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्यात. सगळ्यात हलक्या दर्जाचं पीव्हीसी, त्याला मऊ करायला प्लास्टिसायझर घालावे लागतात, ते हळूहळू बाहेर पडतात आणि पीव्हीसी कडक होऊन तडकतं, शिवाय त्यात क्लोरीन असल्याने जाळलं की घातक धूर. त्याहून बरं म्हणजे पीयूचा पातळ थर दिलेलं साधं कापड, हे माझं. आणि त्याहून बरं मायक्रोफायबर, म्हणजे अतिबारीक धाग्यांच्या जाळीत पीयू मुरवलेलं, ते घडीवर खूप जास्त टिकतं. तिघांच्याही डब्यावर शब्द एकच.

मग अननस आणि निवडुंग आहेतच. अननसाच्या पानांच्या धाग्यापासून केलेलं पिन्याटेक्स, कार्मेन इहोसा या बाईंचं, आणि मेक्सिकोत २०१९ मध्ये आलेलं निवडुंगाचं डेसर्टो. कल्पना दोन्ही झकास, अननसाची पानं तर नाहीतर शेतातच पडून असतात. पण वाचताना कळतं की पिन्याटेक्समध्ये धाग्यासोबत पीएलए (पिकांपासून केलेलं एक प्लास्टिक) आहे आणि वरून रेझिनचा, म्हणजे राळेसारखा थर, आणि डेसर्टोमध्ये पण पॉलियुरेथेन आहेच. जर्मनीच्या फिल्क संस्थेने २०२१ मध्ये अशी नऊ मटेरियल चामड्याच्या आणि कृत्रिम लेदरच्या शेजारी ठेवून तपासली, तर सगळ्या बाबतीत चामड्याची बरोबरी करेल असं एकही निघालं नाही. ही संस्था चामडं आणि कोटिंगवालं कापड याच धंद्यातली आहे हे पण लक्षात ठेवा, पण आकडे आकडे असतात. तर फळाचं नाव बघून भुलू नका, "यात झाड किती टक्के आणि प्लास्टिक किती टक्के" एवढं विचारा.

बरं मग चामडंच का नाही, असं विचारणारे येतीलच खाली, म्हणून आधीच सांगतो. "मांसासाठी मारतातच, कातडं वाया जाण्यापेक्षा बूट झाला तर काय" हे मी पण वर्षानुवर्षं म्हणायचो. पण कातडं काही फुकट मिळत नाही, ते विकलं जातं आणि तो पैसा त्याच धंद्यात परत जातो, मग मी गिऱ्हाईक झालोच ना. आणि "चामडं नैसर्गिक" म्हणणाऱ्यांनी एकदा कातडं कमावणं कसं होतं ते बघा, जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात, न कमावलेलं कातडं सडतं. नैसर्गिक म्हणून जे टिकतं ते रसायनामुळेच टिकतं. तरीपण माझ्याकडे जुना चामड्याचा बेल्ट आहे, व्हीगन व्हायच्या आधीचा, आणि मी तो वापरतो. एका मित्राने त्यावरून मला ढोंगी म्हटलं. १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी व्हीगन सोसायटी काढली, त्यांच्या व्याख्येतच आता "शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं" असं आहे, आणि मला फेकलेल्या बेल्टने कुठली गाय परत येताना दिसत नाही. नवीन घेणार नाही, एवढंच. ज्याला डोळ्यासमोर नको वाटतो त्याने खुशाल देऊन टाकावा, ते पण पटतं मला.

खरेदीला एक कामाची गोष्ट सांगतो, मला स्वतःला इतकी वर्षं माहीत नव्हती. बऱ्याच बुटांच्या सोलवर किंवा आतल्या जिभेवर बारीक चित्रं असतात ना, ती युरोपियन युनियनच्या १९९४ च्या नियमातली आहेत आणि म्हणून इकडेतिकडे सगळीकडे दिसतात. तीन भाग असतात: वरचा भाग, अस्तर आणि आतला तळ, आणि बाहेरचा सोल. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं, त्याच कातड्यात छोटा हिरा म्हणजे वर कोटिंग दिलेलं चामडं (याला बरेच जण कृत्रिम समजून घेतात, फसू नका), जाळीचा चौकोन म्हणजे कापड, आणि नुसता चौकट हिरा म्हणजे बाकी काहीही, रबर, पीयू, पीव्हीसी सगळं त्यातच. पण हे चित्र त्या भागातलं कमीत कमी ८० टक्के काय आहे तेवढंच सांगतं. उरलेला तुकडा, गोंद, यातलं काही नाही. पूर्वी हाडाचा, कातड्याचा गोंद वापरायचे, आता बुटात बहुतेक कृत्रिमच असतो, पण खात्री हवी तर विचारणं आलं.

मी विचारलं. माझ्या या बुटांच्या कंपनीला सरळ मेल टाकला की सोलचा पीयू पॉलिएस्टर बेसचा आहे की पॉलिईथर बेसचा, आणि वरच्या थराखाली काय आहे. चार दिवसांनी उत्तर, "आमची सर्व उत्पादने १०० टक्के व्हीगन आहेत, आपल्या प्रेमाबद्दल आभार." मी परत लिहिलं की अहो ते माहितीये, सोल विरघळलाय, तर परत तेच उत्तर, यावेळी खाली एक पान-फुलाचं चित्र. फोटो मागितले नाहीत, वॉरंटीचं नाव नाही. याचे दोन स्टार मी बेधडक कापले.

काकांनी जुना सोल पूर्ण खरवडून काढला, त्यालाच अर्धा तास लागला, चिकट लगदा पार शिवणीत शिरला होता. मग रबराचा सोल कापून, सोल्युशन लावून बसवला आणि कडेने टाके पण मारले. मी सोल्युशनचा डबा बघायला मागितला तर हसले, "यात पण गाय शोधतोस का?" डब्यावर निओप्रीन लिहिलं होतं, कृत्रिम. आता बूट आधीपेक्षा जड झालेत, चालताना टॉक टॉक वाजतात, पण चालतात. त्या सालपटाला त्यांनी काळा रंग फासलाय, लांबून कळत नाही.

तर माझ्याकडून बुटाच्या दिसण्याला चार, वरच्या मटेरियलला दोन, सोलला शून्य, कंपनीच्या उत्तराला शून्याच्या खाली काही असेल तर ते. काकांना पाच.

दरम्यान रोजच्यासाठी दुसरी जोडी घेतलीये, दुसऱ्या कंपनीची. तिथे तेच दोन प्रश्न पाठवले तर दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: वर मायक्रोफायबर, सोल रबर, गोंद कृत्रिम. डबा आणल्या दिवशीच फेकला, बूट उघड्या रॅकवर असतात आणि एक दिवसाआड पायात. सात महिने झालेत, घडीवर अजून साल नाही. एक अख्खा पावसाळा काढू दे, मग त्यांचा लिहितो.