नगर रस्ता: आधी मेट्रो मागावी की बस?

पुण्याच्या नगर रस्त्यावरच्या खराडी-वाघोलीकडच्या सोसायटीने एकच मागणी नेटाने लावून धरायची म्हटली, तर कोणती? आमच्याकडे यावर बराच खल झाला. मी बसच्या बाजूने हात वर केला. अर्थात तुमचं घर नेमकं कुठे आहे, त्यावर उत्तर बदलू शकतं.

मेट्रोचं पारडं हलकं नाही. मार्च 2024 मध्ये ती रामवाडीपर्यंत आली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वनाजपर्यंतचा प्रवास सिग्नलच्या तावडीतून सुटला. रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी आणि वनाज ते चांदणी चौक या 12.75 किलोमीटरच्या विस्ताराला केंद्राने जून 2025 मध्ये मंजुरी दिली. खर्च 3,626 कोटी, म्हणजे किलोमीटरला सुमारे 284 कोटी. हा भार केंद्र, राज्य आणि कर्ज देणाऱ्या संस्था उचलणार. शिवाय एकदा खांब उभे राहिले की ते कुणी उपटत नाही. याच रस्त्यावरची बीआरटी, म्हणजे बसची स्वतंत्र मार्गिका, मात्र 2023 मध्ये काढायला घेतली गेली, त्यामुळे बसवर विसंबायला लोक कचरतात ते समजण्यासारखं आहे.

तरीही माझा निर्णय झाला तो रामवाडीच्या जिन्याखाली. संध्याकाळी मेट्रो वेळेवर पोचवते आणि पुढच्या तीन-चार किलोमीटरसाठी अडून बसायला होतं. एक रिक्षावाला जवळचं भाडं म्हणून नाही म्हणतो, दुसरा मीटर टाकत नाही, शेअर रिक्षा भरेपर्यंत हलत नाही. मेट्रोत वाचवलेला वेळ तिथेच संपतो. सोबत आई असली, तिचे गुडघे दुखत असले आणि वर पाऊस असला, की पुढच्या वेळी घरूनच गाडी काढावीशी वाटते.

मेट्रो वाघोलीला गेली तरी हे संपेल असं मला वाटत नाही, जिना फक्त पुढे सरकेल. लोहगाव, केसनंद, खराडीच्या आतल्या गल्ल्या खांबांपासून लांबच राहतील.

बसची अडचण पैशाच्या जातीत आहे. फेऱ्या वाढवल्या की संचलन तूट, म्हणजे बस चालवण्याचा खर्च आणि उत्पन्न यातला फरक, वाढते. ती पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका 60:40 प्रमाणात भरतात आणि तिची तरतूद वर्षानुवर्षं करावी लागते. मेट्रोच्या बांधकामाला निधी एकदा मंजूर होतो, बसला कायम पाठीराखा लागतो. म्हणूनच नागरिकांचा जोर तिथे जास्त कामी येईल, असं माझं मत. जून 2025 पासून किमान तिकीट 5 वरून 10 रुपये झालंय, तेव्हा वाढीव फेऱ्या मागण्याचा हक्क प्रवाशांचा नक्कीच आहे.

घर मुख्य रस्त्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर असेल, तर मेट्रोच्या मागणीवर बिनधास्त सही करा. आत राहत असाल तर बस मागा. मात्र नुसतं ‘बस वाढवा’ असं मोघम लिहू नका. रामवाडी स्थानकापासून कोणत्या गल्लीपर्यंत, दर किती मिनिटांनी, रात्री किती वाजेपर्यंत हे लिहा आणि त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद मागा.